चाळीस डुकरांनी पाडलेला बुरूज

ए दोस्ता, जरा जवळ ये. एक कोडं घालू?

इंग्लंडमध्ये रॉचेस्टर नावाचं गाव आहे. लंडनपासून फार लांब नाही, मेडवे नावाच्या नदीच्या काठी. त्या गावात एक पडका किल्ला आहे. पडका म्हणजे कसा? डोक्यावर छप्पर नाही. आतले मजले नाहीत. दारं नाहीत, खिडक्यांना झडपा नाहीत. उंचच उंच दगडी भिंती तेवढ्या ताठ उभ्या!

या किल्ल्याच्या मधोमध बालेकिल्ला आहे. बालेकिल्ला म्हणजे किल्ल्याच्या आतला सगळ्यात भक्कम भाग. बाहेरचा तट पडला तरी सैनिकांनी इथे शिरायचं आणि लढत राहायचं. या बालेकिल्ल्याला चार कोपरे आणि चार कोपऱ्यांवर चार बुरूज. आता मोज हं! पहिला बुरूज चौकोनी. दुसरा चौकोनी. तिसरा चौकोनी. आणि चौथा?

चौथा गोल!

असं का बरं? ओळख पाहू! गवंड्याला कंटाळा आला? चौकोनी दगड संपले? की राजाला गोल बुरूज आवडायचे?

यातलं काहीच नाही. उत्तर आहे डुकरं! हो, हो, डुकरंच! एक-दोन नाही, चाळीस. आणि तीही गलेलठ्ठ!

विश्वास नाही बसत ना? मग चल, आठशे वर्षांहून जास्त मागे जाऊ. पण त्याआधी हा किल्ला कसला जबरदस्त होता ते बघून घेऊ. नाहीतर डुकरांनी केवढा पराक्रम केला ते कळायचंच नाही!

इ. स. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे नॉर्मन लोक समुद्र ओलांडून आले आणि त्यांनी इंग्लंड जिंकलं. जिंकलं खरं, पण टिकवायचं कसं? त्यांनी जिथे तिथे किल्ले बांधायला घेतले. सुरुवातीचे बरेचसे किल्ले मातीचे आणि लाकडाचे होते. मातीचा उंच ढीग, त्यावर लाकडी कुंपण, झाला किल्ला! भराभर बांधून व्हायचे. पण लाकूड जळतं आणि कुजतंही.

रॉचेस्टरला मात्र कच्चं काम चालणार नव्हतं. डोव्हर बंदराकडून लंडनला जाणारा जुना रोमन रस्ता इथे पुलावरून नदी ओलांडायचा. ज्याच्या हातात हा पूल, त्याच्या हातात रस्ता! शाळेच्या फाटकात उभा राहिलेला माणूस जसा आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला अडवू शकतो ना, अगदी तसं.

मग इथे दगडी तट कोणी बांधला? सेनापतीने? नाही. एका बिशपने! बिशप म्हणजे ख्रिस्ती चर्चचा मोठा धर्मगुरू. त्याचं नाव गंडल्फ. बांधकामात हा माणूस इतका तरबेज होता, की लंडनचा प्रसिद्ध व्हाइट टॉवर बांधून घ्यायचं कामही त्याच्याकडेच होतं. त्याने १०८७ च्या सुमारास रॉचेस्टरच्या दगडी तटाचं काम घेतलं.

उंच बालेकिल्ला आला पुढे, ११२७ पासून. आणि तो बांधणाराही धर्मगुरूच! पहिल्या हेन्री राजाने हा किल्ला कँटरबरीच्या आर्चबिशपच्या हवाली केला आणि विल्यम द कॉर्बेल या आर्चबिशपने तो बालेकिल्ला उभा केला.

उंची किती असेल? ३४ मीटर! दहा-अकरा मजली इमारतीएवढी. आणि कोपऱ्यांवरचे बुरूज त्याहूनही वर गेलेले. प्रत्येक बाजूची लांबी सुमारे २१ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून जराशी जास्त. पण खरी गंमत भिंतींच्या जाडीत आहे. पायथ्याशी भिंत साडेतीन मीटरांहून जाड आहे! तुझे बाबा आणि काका एकापुढे एक आडवे झोपले, तरी दोघंही भिंतीतच मावतील!

आता एवढी जाड भिंत नुसती भरीव ठेवायची? छे! त्या लोकांनी भिंतीच्या आतच वाटा काढल्या. जिने काढले, गोल गोल फिरत वर जाणारे. भिंतीतच शेकोट्या केल्या आणि त्यांचा धूर बाहेर जायला धुराडी ठेवली. आणि सांगू का? संडासही भिंतीतच! हसलास ना? हसलीस ना? पण विचार कर. शत्रूने वेढा घातला, की बाहेर जायची सोयच नाही. शेकडो माणसं आत, कित्येक आठवडे! सगळी सोय आतच हवी.

दारही शोधायला गेलास तर खाली सापडणार नाही. ते चक्क पहिल्या मजल्यावर! आधी बाहेरच्या जिन्याने वर चढायचं, मग एका छोट्या दगडी इमारतीतून आत शिरायचं. वाटेत उचलता येणारा पूल. पूल उचलला की शत्रू बाहेरच्या बाहेर. मोठे लाकडी ओंडके घेऊन दाराला धडका मारायच्या, तर पळत यायला जागाच नाही!

पण मला विचारशील तर या बालेकिल्ल्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वेगळीच आहे. बालेकिल्ल्याच्या पोटातून एक जाड भिंत आडवी जाते आणि त्याचे दोन भाग करते. अख्ख्या इमारतीचा कणाच म्हण ना! आणि त्या भिंतीच्या आत काय आहे, माहीत आहे?

विहीर!

खरंच! विहीर जमिनीत खोल गेलेली, आणि तिची उभी पोकळी भिंतीतून थेट वरपर्यंत नेलेली. प्रत्येक मजल्यावर त्या पोकळीला एक तोंड. दोर सोडायचा, बादली भरायची, वर ओढायची. तळमजल्यावर उतरायचं कामच नाही! नळ नव्हते, पंप नव्हता, वीज नव्हती, तरी प्रत्येक मजल्यावर पाणी. नऊशे वर्षांपूर्वी! आणि ही आडवी भिंत लक्षात ठेव बरं का. पुढे तिच्याच आडून आतली माणसं लढत राहिली.

आता येतो आपल्या गोष्टीतला चिडका राजा. त्याचं नाव जॉन.

जॉन राजाचं आपल्याच सरदारांशी अजिबात पटत नव्हतं. तो जबर कर लावायचा, मनाला येईल तसं वागायचा. शेवटी सरदार वैतागले. जून १२१५ मध्ये त्यांनी त्याला एक करार मान्य करायला लावला. राजालाही कायदा पाळावा लागेल, असं त्यात होतं. हाच तो प्रसिद्ध मॅग्ना कार्टा! राजाने करार मान्य केला, पण मनातून नाही. काही महिन्यांतच करार मोडला आणि लढाई पेटली.

सरदारांच्या एका तुकडीने रॉचेस्टरचा किल्ला ताब्यात घेतला. त्यांचा म्होरक्या होता विल्यम दोबिनी. लंडन सरदारांच्या हातात होतं आणि लंडनच्या वाटेवर हा किल्ला. जॉन तरी गप्प कसा बसेल? ऑक्टोबर १२१५ मध्ये तो सैन्य घेऊन आला आणि त्याने वेढा घातला.

आत शंभराच्या आसपास सरदार आणि त्यांचे सैनिक. बाहेर राजा आणि त्याचं भलंमोठं सैन्य. जॉनने काय केलं? दगडफेकीची पाच प्रचंड यंत्रं लावली! मोठमोठे धोंडे रात्रंदिवस तटावर आदळत राहिले. धडाम! धडाम! पण बालेकिल्ला ढिम्म. साडेतीन मीटरांची भिंत ती! दगडांना थोडीच घाबरणार?

तोफा का नाही लावल्या, असं विचारशील. अरे, तोफा होत्याच कुठे! बंदुकीची दारू त्या वेळी इंग्लंडमधल्या लढाईत आलीच नव्हती. मग एवढी जाड भिंत पाडायची कशी? वरून जमत नाही, समोरून जमत नाही.

ओळख बरं, कुठून?

खालून!

जॉनने १४ ऑक्टोबरलाच कँटरबरीला हुकूम धाडला होता. रात्रंदिवस खपून जमतील तेवढ्या कुदळी बनवा आणि पाठवा! कुदळींचा लढाईशी काय संबंध? सगळा संबंध तिथेच आहे. कुदळी आल्या आणि खणणारे कामाला लागले. आधी त्यांनी बाहेरचा तट पाडला. मग ते वळले बालेकिल्ल्याकडे. दक्षिण बाजूच्या कोपऱ्याखाली त्यांनी भुयार खणायला घेतलं.

पण इथे एक मोठी पंचाईत होती. तूच विचार कर. डोक्यावर ३४ मीटर उंच दगडी इमारत आणि तू तिच्याखालची माती काढत चाललायस. इमारत कोणाच्या डोक्यावर पडेल? खणणाऱ्याच्याच ना!

म्हणून ते काय करायचे, ऐक. माती काढली, की लगेच लाकडी टेकू लावायचे. परत माती काढली, परत टेकू. म्हणजे बघ हं, जी भिंत पाडायची, तिलाच आधी आधार द्यायचा! किती अजब! असं करता करता कोपऱ्याचा अख्खा पाया मातीवरून उठून लाकडांवर आला. वर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला काही दिसलंच नसतं. बुरूज होता तसाच, जिथल्या तिथे.

आता शेवटचं काम. टेकू काढायचे. पण आत जाऊन टेकू ओढणार कोण? जो ओढेल तो गाडला जाईल! मग उपाय एकच. टेकूंना आग लावायची आणि लांब पळायचं. लाकडं जळतील, आधार जाईल आणि कोपरा खाली येईल.

पण जाडजूड ओंडका काडेपेटीच्या काडीसारखा पटकन पेटत नाही. त्यात नोव्हेंबर महिना. इंग्लंडची थंडी. जमिनीखालची ओल. हवाही कोंडलेली. आग लागली तरी विझण्याची भीती. लाकूड पूर्ण जळून कोळसा होईपर्यंत टिकणारी, धगधगती आग हवी होती.

आणि इथे, दोस्ता, आपली डुकरं येतात!

२५ नोव्हेंबर १२१५ ला जॉनने ह्यूबर्ट द बर्ग नावाच्या आपल्या बड्या अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. चाळीस डुकरं पाठव, लगेच, रात्रंदिवस घाई करून. कशी डुकरं? सगळ्यात लठ्ठ आणि खायला फारशी चांगली नसलेली! कशासाठी? बुरुजाखाली आग लावण्यासाठी! लढाईच्या धामधुमीतसुद्धा राजाला काळजी, की खायची चांगली डुकरं वाया जाऊ नयेत! राजाच्या हुकमाची नोंद राहिली, म्हणून तर आज आपल्याला ही गोष्ट कळली.

पण डुकरंच का? चरबीसाठी! देवघरातली समई आठव. नुसती कापसाची वात पेटवली तर क्षणात जळून जाते. पण तेलात भिजवलेली वात तासन्‌तास तेवते. वात नाही, जळतं ते तेल! चरबी आणि तेल एकाच कुळातले. किलोभर कोरड्या लाकडातून जेवढी उष्णता निघते, तिच्या दुपटीहून जास्त किलोभर चरबीतून निघते. ती वितळते, लाकडांवर पसरते आणि भडकून जळते. विझायचं नावच घेत नाही!

भुयारात आग भडकली. टेकू जळले. आणि मग... कडकड! धडाड्! बालेकिल्ल्याचा तो कोपरा खाली आला. पाच यंत्रांनी रात्रंदिवस मारा करून जे झालं नाही, ते कुदळी, लाकडं आणि चाळीस डुकरांच्या चरबीने करून दाखवलं!

मग लढाई संपली असेल ना? मुळीच नाही!

ती आडवी भिंत आठवते? विहीर पोटात घेऊन उभी असलेली? आतले लोक धावत त्या भिंतीच्या पलीकडे गेले आणि उरलेल्या अर्ध्या बालेकिल्ल्यातून लढत राहिले! इमारतीचा कोपरा कोसळलाय, शत्रू अर्ध्या भागात शिरलाय आणि ही माणसं म्हणतात, अजून अर्धा आमचाच! मला तर या माणसांचं फार कौतुक वाटतं. जेवण कधीच संपलं होतं. घोडे कापून खायची वेळ आली होती. पाणी तेवढं होतं.

शेवटी भुकेने त्यांना हरवलं. ३० नोव्हेंबरला ते शरण आले. जवळजवळ सात आठवडे किल्ला झुंजला! तुझी उन्हाळ्याची सुट्टी साधारण तेवढीच असते ना?

जॉन रागाने लाल झाला होता. सगळ्यांना फाशी देतो म्हणाला! पण साव्हारिक नावाचा त्याचाच एक सरदार मध्ये पडला. त्याने राजाला समजावलं, आज आपण त्यांची माणसं मारली, तर उद्या आपली माणसं त्यांच्या हाती सापडतील तेव्हा काय होईल? राजाला ते पटलं आणि बहुतेकांचा जीव वाचला. त्या काळच्या एका लिहिणाऱ्याने नोंदवून ठेवलंय, की इतक्या जोराचा वेढा आणि इतकी चिवट झुंज आमच्या पिढीने पाहिली नव्हती. आणि हेही, की त्यानंतर किल्ल्यांवर फारसा कोणी भरवसा ठेवेना.

पुढच्याच वर्षी जॉन वारला. गादीवर बसला त्याचा मुलगा, तिसरा हेन्री. वय किती असेल? नऊ वर्षं! चौथीत असायचं वय आणि डोक्यावर मुकुट!

हा हेन्री मोठा झाला आणि त्याच्या कारकिर्दीत रॉचेस्टरची डागडुजी झाली. पडलेला कोपरा परत बांधायचा होता. पूर्वीसारखा चौकोनीच बांधायचा का? नाही. तोवर किल्ले बांधणारे बरंच काही शिकले होते.

तू स्वयंपाकघरात जा. बर्फीची एक वडी घे आणि एक लाडू. वडीचा कोपरा बोटाने दाब. तुटला ना पटकन? आता लाडवाचा कोपरा तोडून दाखव! नाहीच ना त्याला कोपरा! बुरुजाचंही तसंच. चौकोनी बुरुजाचा कोपरा दोन बाजूंनी उघडा असतो. कुदळीने तिथले दगड उपटणं सोपं. शिवाय कोपऱ्याच्या आड शत्रू लपला, तर वरून धड दिसतही नाही. गोल बुरुजाला लपायची तशी जागा नसते. वेडावाकडा येऊन आदळलेला धोंडाही त्याच्यावरून घसरून जातो.

म्हणून नवा बुरूज गोल झाला. मिळालं कोड्याचं उत्तर?

१२६४ मध्ये किल्ल्याला परत वेढा पडला. सिमॉन द माँटफर्ट नावाचा बंडखोर सरदार आला होता. बाहेरचा तट त्याने जिंकला आणि बालेकिल्ल्याखाली भुयारही खणायला घेतलं. पण तेवढ्यात राजाचं सैन्य येतंय अशी खबर आली आणि त्याला निघून जावं लागलं. बालेकिल्ला पडला नाही!

मग मला सांग, हा किल्ला आज पडका का आहे? लढाईमुळे? नाही! हेच तर नवल. एवढे वेढे सोसून उभा राहिलेला किल्ला शांततेच्या काळात पडका झाला. राजांना त्याची गरज उरली नाही. डागडुजी थांबली. सतराव्या शतकात तो खासगी मालकांकडे गेला. पुढे आतलं लाकूड विकलं गेलं. दगडही काढून नेले, दुसऱ्या बांधकामांसाठी. मजले लाकडी होते. लाकूड गेलं, मजले गेले. राहिल्या त्या भिंती. एकोणिसाव्या शतकात गावाने किल्ल्याच्या आवारात बाग केली, तेव्हा कुठे त्याला बरे दिवस आले.

आज तिथे आत उभं राहून वर पाहिलं, तर थेट आभाळ दिसतं. भिंतीवर ओळीने भोकं दिसतात. मजल्यांच्या तुळया त्यांत बसवलेल्या असायच्या. भोकांची एक ओळ म्हणजे एक मजला. मोजत जा आणि मजले मनातल्या मनात परत बसव! उंच भिंतीवर मध्येच एखादी शेकोटी दिसते. खाली जमीन नाही, समोर खोली नाही, शेकोटी आपली अधांतरी! भिंतीतल्या जिन्यांनी वरपर्यंत चढताही येतं. आणि कोपऱ्यावर तो गोल बुरूज आहेच, तीन चौकोनी भावंडांत एकटा वेगळा.

आता तुझ्यासाठी एक काम. या दिवाळीत मातीचा किल्ला करशील तेव्हा जरा जास्त माती भिजव. बाजूला सारख्या उंचीचे दोन बुरूज कर, एक चौकोनी आणि एक गोल. थोडे सुकू दे. मग चमच्याने दोन्हींच्या कडेखाली हळूहळू भुयार खण. माती काढलीस, की आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा टेकू म्हणून उभा कर. आग अजिबात लावायची नाही हं! काड्यांना आधीच दोरा बांधून ठेव आणि लांबून ओढ. कोणता बुरूज आधी कलंडतो? कुठून तडा जातो? गोल बुरूजही पडू शकतो बरं का, भुयार पुरेसं मोठं असेल तर! दोन-तीनदा करून बघ, काय झालं ते वहीत लिही, चित्र काढ आणि आम्हाला नक्की पाठव.